वटवाघळं आणि संसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वटवाघळांविषयी विचारणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसं भेटतात. काहींना वाटतं, हा प्राणी म्हणजे रोगांचं पोतं. काहींना वाटतं, याला कशानेच काही होत नाही. दोन्ही समजुतींत खुद्द वटवाघळाच्या अंगात काय चालतं ते पाहायचं राहून जातं. खालची उत्तरं त्याबद्दल आहेत: संसर्ग झाला की त्याचं शरीर काय करतं, ते कसं वागतं, आणि हे सगळं त्याला कधी परवडतं, कधी परवडत नाही.

वटवाघळं आजारी पडतच नाहीत, हे खरं आहे का?

नाही. रेबीज वटवाघळांनाही मारतो. रेबीज झालेलं वटवाघूळ अशक्त होतं, त्याला उडता येत नाही, लकवा भरतो आणि ते मरतं. टॅकारिबे नावाचा एक विषाणू प्रयोगशाळेत जमैकन फ्रूट बॅट या फळं खाणाऱ्या जातीला टोचला, तेव्हा त्यातली बरीच वटवाघळं दगावली. २००२ साली स्पेनमधल्या गुहांत श्रायबर्स जातीची वटवाघळं मोठ्या संख्येने मेलेली सापडली आणि त्यांच्या शरीरात इबोलाच्या कुळातला लोव्यू विषाणू मिळाला. मृत्यूचं कारण तोच होता, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. आणि एका बुरशीने उत्तर अमेरिकेत वटवाघळांची जी वाताहत केली, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

या समजुतीत खरा भाग एवढाच, की माणसाला आडवे करणारे काही विषाणू आपापल्या यजमान वटवाघळात फार त्रास न देता राहतात. इबोलाच्याच कुळातला मारबर्ग विषाणू हे त्याचं सर्वांत नीट तपासलेलं उदाहरण. माणसांमधल्या मारबर्गच्या साथींत दगावणाऱ्यांचं प्रमाण २४ पासून ८८ टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. तोच विषाणू इजिप्शियन फ्रूट बॅटला टोचला, तर काही दिवस तो रक्तात आणि लाळेत सापडतो, दोन-तीन आठवड्यांत शरीर त्याला आवरतं, आणि या सगळ्या काळात वटवाघूळ वरून पाहता धडधाकट दिसतं.

मग ती तगतात कशी?

इथे थोडं सावकाश जाऊ या, कारण उत्तराला दोन बाजू आहेत आणि बातम्यांत बहुधा एकच येते.

विषाणू पेशीत शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते. ही शेजारच्या पेशींना दिलेली हाक असते: सावध व्हा, दारं लावा. आपल्या शरीरात ही हाक संसर्ग झाल्यावर दिली जाते. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅक फ्लाइंग फॉक्स या वटवाघळाच्या जातीत संसर्ग नसतानाही इंटरफेरॉन-अल्फाची जनुकं काही प्रमाणात चालूच असतात, असं २०१६ मध्ये दिसून आलं. तिथे पहारा आधीपासून जागा असतो.

दुसरी बाजू माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. पुष्कळ विषाणूजन्य आजारांत रोगी विषाणूपेक्षा स्वतःच्या शरीरातल्या दाहाने जास्त खचतो. प्रतिकारयंत्रणा पेटते आणि मग ती आवरता आवरत नाही, त्यात फुप्फुसं, रक्तवाहिन्या, यकृत होरपळतात. वटवाघळांमध्ये हा दाह अनेक ठिकाणी मुद्दाम मंद केलेला आढळतो. पेशीत नको तिथे डीएनए दिसला की धोक्याची सूचना देणारं स्टिंग नावाचं एक प्रथिन आहे. त्यातल्या ३५८ व्या जागी इतर सस्तन प्राण्यांत सेरीन हे अमिनो आम्ल असतं. तपासलेल्या वटवाघळांत ते बदललेलं आहे आणि त्यामुळे ही घंटा हळू वाजते. २०१८ मध्ये संशोधकांनी त्या जागी पुन्हा सेरीन बसवून पाहिलं, तर घंटा पूर्ववत जोरात वाजू लागली. पिहिन नावाचं जनुकांचं एक अख्खं कुटुंबही अशीच धोक्याची सूचना देण्याचं काम करतं. २०१३ मध्ये दोन जातींची संपूर्ण जनुकीय माहिती वाचली गेली, तेव्हा ते कुटुंब दोन्हींत नाहीसं झालेलं आढळलं.

२०१९ चा एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस संस्थेत वटवाघळाच्या, माणसाच्या आणि उंदराच्या प्रतिकारपेशींना मर्स (एक कोरोना विषाणू) आणि इन्फ्लुएंझासारखे विषाणू देण्यात आले. वटवाघळाच्या पेशींत दाह बराच कमी झाला, पण विषाणूंचं प्रमाण काही घटलं नव्हतं. म्हणजे विषाणू तेवढाच, शरीराची आदळआपट कमी. यालाच सहनशीलता म्हणतात. सुरुवातीला चटकन अडवायचं, आणि जे शिरलं त्याच्यापायी स्वतःचं घर जाळायचं नाही, अशी ही दुहेरी चाल आहे.

सगळ्या जातींत हेच आढळतं का?

नाही. वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमागे साधारण एक वटवाघळाची. ब्लॅक फ्लाइंग फॉक्सकडे इंटरफेरॉन-अल्फाची फक्त तीन जनुकं आहेत आणि ती सतत जागी असतात. इजिप्शियन फ्रूट बॅटमध्ये नेमकं उलट: त्या गटातली जनुकं संख्येने वाढलेली आहेत. दोन्ही फळं खाणारी, दोन्ही मोठाली, तरी वाटा वेगळ्या. म्हणून “वटवाघळांची प्रतिकारशक्ती” असं सरसकट वाचायला मिळालं, की कोणत्या जातीची, हा प्रश्न आधी विचारावा.

याचा उडण्याशी काय संबंध?

उडू शकणारा सस्तन प्राणी हा एकच. उडताना त्याच्या हृदयाचे ठोके काही जातींत मिनिटाला हजाराच्या घरात जातात, पेशी इंधन जाळत सुटतात आणि त्या जाळण्यातून डीएनएला इजा करणारे पदार्थ तयार होतात. तुटलेल्या डीएनएचे तुकडे पेशीत इकडेतिकडे सांडले, तर प्रतिकारयंत्रणेला ते विषाणूचे वाटू शकतात. रोज रात्री उडणाऱ्या प्राण्याच्या शरीरात अशी खोटी घंटा रोज वाजली असती, तर दाहानेच त्याचा जीव गेला असता. म्हणून उडण्यासोबत डीएनए दुरुस्त करण्याची तयारी वाढली, घंटा मंद झाली, आणि विषाणू सोसण्याची क्षमता ओघाने आली, असा एक तर्क आहे. स्टिंगमधला बदल आणि पिहिन जनुकांचा लोप त्याला चांगला धरून आहे.

आणखी एक कल्पना २०१४ मध्ये मांडली गेली. उडताना वटवाघळाचं शरीर ४० अंश सेल्सिअसच्या वर तापतं, मग रोजचं उड्डाण म्हणजे रोजचा तापच नाही का? ऐकायला ही फार सुंदर आहे. पण इबोला-मारबर्गच्या कुळातले विषाणू वटवाघळाच्या पेशींत ३७ आणि ४१ अंशांवर वाढवून पाहिले, तर ते दोन्हीकडे वाढले. नुसत्या उष्णतेने ते आवरत नाहीत.

त्यांना खरा ताप येतो का?

जातीवर अवलंबून आहे. हे तपासायला संशोधक जिवाणूच्या बाह्य आवरणातला एक पदार्थ टोचतात. त्याचं नाव लिपोपॉलिसॅकराइड. यात जिवंत जंतू नसतो, त्यामुळे प्राण्याला खरा रोग होत नाही आणि तो पसरतही नाही. शरीर मात्र एक-दोन दिवस आजारी पडल्यासारखं वागतं.

हा पदार्थ टोचल्यावर मासे पकडणाऱ्या मेक्सिकन मायोटिसला ताप आला आणि त्याचं वजन घटलं. मोलोसस या कीटकभक्षी जातीत ताप आला नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढल्या नाहीत, पण वजन मात्र घटलं. ताप महाग असतो. शरीराचं तापमान एका अंशाने वाढवायचं तर सस्तन प्राण्याला साधारण १० टक्के जास्त ऊर्जा खर्चावी लागते. ज्याच्या अंगावर शिल्लक फार नाही आणि ज्याला रात्री उडल्याशिवाय खायला मिळत नाही, अशा प्राण्याने हा खर्च टाळला तर त्यात नवल नाही.

आजारी वटवाघूळ वागतं कसं?

थकलेल्या माणसासारखंच. तेल अवीव विद्यापीठातल्या योसी योव्हेल यांच्या गटाने २०२१ मध्ये इजिप्शियन फ्रूट बॅटवर काम प्रसिद्ध केलं. ही वटवाघळं एकमेकांना चिकटून झुबक्याने लटकतात. लिपोपॉलिसॅकराइड टोचलेली वटवाघळं झुबक्यातून बाजूला झाली आणि एकटी लटकून राहिली. त्यांना ताप आला, खाणं कमी झालं, वजन घटलं. ज्यांना बाहेर उडायची मोकळीक होती, त्यांनी पहिल्या दोन रात्री बसली जागा सोडली नाही, अन्न शोधायलाही गेली नाहीत. कोणी हाकलल्याचं दिसलं नाही. ती स्वतःहून बाजूला झाली होती.

रक्त पिऊन जगणाऱ्या व्हॅम्पायर बॅटवरचा अभ्यास तर कितीही वेळा वाचला तरी मला तितकाच भिडतो. बेलीझमधल्या एका पोकळ झाडातून ३१ माद्या पकडल्या. १६ जणींना लिपोपॉलिसॅकराइड आणि १५ जणींना साधं मिठाचं पाणी टोचलं. पाठीवर इवलेसे सेन्सर चिकटवून सगळ्यांना परत झाडात सोडलं. मग सेन्सरनी नोंद ठेवली, कोण कोणाच्या किती जवळ किती वेळ होतं. पहिल्या सहा तासांत ‘आजारी’ माद्यांचा सरासरी चार कमी जणींशी संपर्क आला. दोन निरोगी माद्या जवळ येण्याची शक्यता ४९ टक्के होती. निरोगी आणि आजारी अशी जोडी जवळ येण्याची ३५ टक्के. इंजेक्शनचा असर ओसरत गेला तसा हा फरकही ओसरत गेला.

म्हणजे बाकीच्या त्यांना वाळीत टाकतात?

असं दिसलेलं नाही. आजारी मादी सुस्त असते, हालचाल कमी करते, दुसऱ्यांचं अंग चाटून साफ करणं कमी करते. आणखी एका प्रयोगात आजारी व्हॅम्पायर बॅटनी साद घालणंही सुमारे ३० टक्क्यांनी कमी केलं. हाकच दिली नाही तर सोबती येणार कसे? संपर्क घटतो तो अशा साध्या कारणाने. त्याने रोगाचा प्रसार मंदावतो खरा, पण तसा बेत कोणाच्या डोक्यात असण्याची गरज नाही.

यात अपवादही आहेत आणि ते अपवादच बरंच काही सांगून जातात. व्हॅम्पायर बॅटला सलग दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर ती उपाशी मरते, म्हणून पोट भरलेली मादी भुकेलीला आपल्या पोटातलं रक्त तोंडात काढून देते. आजारपणात एकमेकींना चाटणं बरंच कमी झालं, पण अन्न देण्यावर तितका परिणाम झाला नाही, आणि आई-पिल्लाचं नातं इतर नात्यांपेक्षा जास्त टिकून राहिलं. चाटणं चार दिवस थांबलं तर चालतं. जेवण थांबलं तर जीव जातो.

शीतनिद्रेत असताना संसर्ग झाला तर?

तर वटवाघळाचं सगळं गणित उलटतं. थंड प्रदेशांतली कीटकभक्षी वटवाघळं हिवाळ्यात गुहेत लटकून शीतनिद्रा घेतात. शरीर गुहेच्या हवेइतकंच थंड होतं, हृदयाचे शेकडो ठोके मिनिटाला दहा-वीसवर येतात. प्रतिकारयंत्रणासुद्धा जवळपास मिटलेली असते, कारण तिला चालवायला लागणारी ऊर्जा उन्हाळ्यात साठवलेल्या थोड्याशा चरबीतूनच यायची असते.

नेमका याच काळात एका बुरशीने हल्ला केला. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाउ केव्ह भागातल्या गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेल्या वटवाघळांचं छायाचित्र घेतलं गेलं. हीच उत्तर अमेरिकेतली या रोगाची पहिली नोंद. रोगाला व्हाइट-नोज सिंड्रोम नाव पडलं. बुरशीचं नाव स्यूडोजिम्नोअॅस्कस डिस्ट्रक्टन्स. ती १२ ते १६ अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने वाढते आणि २० अंशांच्या वर तिची वाढच थांबते. जाग्या वटवाघळाच्या उबदार अंगावर तिचं काही चाललं नसतं. झोपलेलं, गार पडलेलं, पहारा उठलेलं शरीर तिला आयतं मिळालं.

बुरशी पंखांच्या कातडीत रुतून ती कुरतडते. पंख म्हणजे वटवाघळाच्या त्वचेचा सर्वांत मोठा भाग, शरीरातलं पाणी आणि क्षार राखण्यातही त्याचा वाटा असतो. पंखांना इजा झाली की पाणी निसटतं, रक्तातला कर्बवायू वाढतो, रक्त आम्लधर्मी होतं. निरोगी वटवाघूळ शीतनिद्रेतून दोन-तीन आठवड्यांनी एकदा थोडा वेळ जागं होतं. बाधित वटवाघूळ पुन्हा पुन्हा जागं होऊ लागतं. आणि या जागं होण्याचीच किंमत जबर असते: हिवाळ्यासाठी साठवलेल्या चरबीचा बहुतेक भाग त्या थोड्याशा जागेपणातच संपतो. बाधित वटवाघळं निरोगी वटवाघळांच्या दुप्पट ऊर्जा खर्च करतात, असं मोजलं गेलं आहे. वसंताला अजून अवकाश असतो आणि चरबी संपलेली असते. भर थंडीत, दिवसाउजेडी, किडे नसलेल्या हवेत ती अन्न शोधायला बाहेर पडतात आणि बर्फात मरून पडतात.

लाखो वटवाघळं अशी गेली. लिटल ब्राउन बॅट, नॉर्दर्न लाँग-इअर्ड आणि ट्रायकलर्ड या तीन जातींची संख्या दहा वर्षांच्या आत ९० टक्क्यांहून जास्त घटली.

यातून वाचलेल्यांपुढे आणखी एक संकट असतं. वसंतात शरीर तापतं, झोपलेली प्रतिकारयंत्रणा एकदम जागी होते आणि बुरशीने भरलेल्या पंखांवर तुटून पडते. तो दाह इतका जोरदार असतो की पंखांची चाळण होते. एचआयव्हीच्या काही रुग्णांत उपचारांनी प्रतिकारशक्ती परत येताना असाच दाह उसळतो, आणि २०१२ मध्ये संशोधकांनी ही तुलना केलीही होती. दाह मंद ठेवण्यात वाकबगार म्हणून ओळखला जाणारा प्राणी इथे दाहानेच जायबंदी होतो. म्हणूनच वटवाघळांची प्रतिकारशक्ती ‘अजब’ असल्याची विधानं मला पटत नाहीत. ती कधी, कोणत्या तापमानाला, किती चरबीवर चालते आहे, ते पाहावं लागतं.

युरोप आणि आशियातली वटवाघळं याच बुरशीने का मरत नाहीत?

तिथेही ही बुरशी आहे, वटवाघळांच्या अंगावर सापडते, पण सामूहिक मृत्यू होत नाहीत. त्यांचा तिच्याशी फार जुना सहवास आहे. अमेरिकेत ती बाहेरून आली आणि तिथल्या जातींना ती सर्वस्वी नवी होती.

अमेरिकेत वाचलेल्यांचं काय?

काही गुहांत लिटल ब्राउन बॅट टिकून आहेत. रोग येण्याआधीच्या नोंदींशी तुलना केली, तर अशा काही ठिकाणची वटवाघळं आता हिवाळ्याच्या सुरुवातीला जास्त चरबी घेऊन येतात. पुन्हा पुन्हा जागं होणं त्यांनाही चुकत नसेल, पण त्यांची शिल्लक वसंतापर्यंत पुरते. ही बातमी वाचली तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

वटवाघूळ विषाणू बाहेर कधी टाकतं?

अंगात विषाणू असणं आणि तो लघवीतून, लाळेतून बाहेर पडणं यात फरक आहे. हेंड्रा विषाणू १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या एका उपनगरात घोड्यांमधून माणसांपर्यंत पोचला. तो फ्लाइंग फॉक्समधून येतो. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या १९९६ ते २०२० या काळातल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा क्रम स्पष्ट दिसला. एल निनोनंतर निलगिरी वर्गातली झाडं नीट फुलत नाहीत, मध तुटतो, जंगलं आधीच तोडलेली असतात. मग मोठे थवे फुटतात आणि लहान लहान गट शेतांजवळ, वस्त्यांजवळ मिळेल ते खाऊन राहतात. हेंड्रा घोड्यांपर्यंत पोचतो तो अशा काळात. ज्या हिवाळ्यात जंगल भरघोस फुललं, त्या हिवाळ्यात थवे तिकडे परतले आणि घोड्यांना लागण झाली नाही. गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या माद्यांत हेंड्राच्या संसर्गाच्या खुणा जास्त सापडतात, हेही याला धरूनच आहे. त्यांच्या ऊर्जेवर दुहेरी ओढ असते.

मारबर्गचं वेळापत्रक पिल्लांवर चालतं. युगांडातल्या गुहांत इजिप्शियन फ्रूट बॅट वर्षातून दोनदा वितात. पिल्लांना आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) काही महिन्यांत ओसरतात आणि साधारण सहा महिन्यांची पिल्लं एकदम मोठ्या संख्येने बाधित होतात. माणसांना मारबर्गची लागण होण्याचे बहुतेक प्रसंग याच दोन हंगामांत घडले आहेत.

एकदा संसर्ग होऊन गेला की पुन्हा होत नाही का?

मारबर्गच्या बाबतीत रक्तातली प्रतिपिंडं काही महिन्यांत इतकी उतरतात की चाचणीत सापडेनाशी होतात. तरी त्याच वटवाघळांना विषाणू पुन्हा टोचला, तेव्हा त्यांच्या शरीराने तो रोखला. त्यामुळे नुसत्या रक्तचाचणीवरून वसाहतीतल्या किती जणांना संसर्ग होऊन गेला, हे ठरवताना चूक होऊ शकते.

ती इतकी दीर्घायुषी असतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

असावा, असं मानायला जागा आहे. सायबेरियात खूण करून सोडलेलं सुमारे सात ग्रॅम वजनाचं एक ब्रांट्स मायोटिस ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं. म्हातारपणातल्या अनेक व्याधींच्या मुळाशी सततचा दाह असतो, आणि वटवाघळांत तो आटोक्यात असतो.

जमिनीवर पडलेलं वटवाघूळ दिसलं तर काय करावं?

उघड्या हाताने उचलू नका. ते तहानलेलं, जखमी किंवा दमलेलं असू शकतं, पण रेबीजने लुळं पडलेलंही असू शकतं, आणि पाहून ओळखता येत नाही. वन्यजीवांची सुटका करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. चावलं किंवा ओरखडलं असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारा. दातांची खूण इतकी बारीक असते की दिसतही नाही, म्हणून “काही दिसत नाही” यावर थांबू नका.

वसाहतच नष्ट केली तर रोगाचा धोका जाईल ना?

हे करून झालेलं आहे. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग झाला. त्या वेळी तपासलेल्या वटवाघळांपैकी सुमारे ५ टक्क्यांत विषाणू होता. त्यानंतर खाणीतली वटवाघळं मारून संपवण्यात आली. २०१२ मध्ये त्याच परिसरात मारबर्गची साथ पुन्हा आली, युगांडातली तोवरची सर्वांत मोठी. संशोधक खाणीत परत गेले, तेव्हा तिथे पूर्वीच्या मानाने मूठभर वटवाघळं नव्याने येऊन राहिली होती. त्यांच्यातलं विषाणूचं प्रमाण १३ टक्क्यांवर गेलं होतं.